रटगर्स हरत होतं, मग ती दोघं इतकी वर कशी?

वाचकाचं पत्र:

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचा डोंबिवलीचा. लहानपण सगळं क्रिकेटमध्ये गेलं. मुलगा अकरावीत आहे आणि त्याला बास्केटबॉलने पुरतं झपाटलंय. 2024-25च्या हंगामात आम्ही दोघांनी इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या संघाचे सामने पाहिले, काही तर पिस्कॅटवेला जाऊन. संघात डिलन हार्पर आणि एस बेली ही दोन नावाजलेली पोरं, तरी संघ 15 जिंकला आणि 17 हरला. जूनमध्ये ड्राफ्ट झाला, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडले, तर हार्पर दुसरा, बेली पाचवा! आणि ऑबर्न विद्यापीठाला राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत शेवटच्या चारांत नेणारा ब्रूम थेट पस्तिसावा. मी म्हटलं, हा कुठला न्याय? मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त स्कोअर बघता." त्याला पुढे स्काउटिंगमध्ये, म्हणजे खेळाडू पारखण्याच्या कामात, नाहीतर खेळाच्या आकडेवारीत काहीतरी करायचंय. माझी पंचाईत अशी की या विषयावर मला त्याच्याशी धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत. कॉलेजात चमकणारा पोरगा पुढे व्यावसायिक खेळात टिकेल का, हे ओळखायचं कसं? आणि मुलाचं हे वेड मी किती मनावर घेऊ?

— एक वाचक, एडिसन

उत्तर:

नमस्कार. मुलाचं बोलणं तुम्हाला लागलेलं दिसतंय, पण त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही त्याला पेचात पकडू शकाल, ते कसं तेही सांगतो.

तुमचा घोळ "न्याय" या शब्दापाशी होतोय. वर्षाचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरतो तेव्हा झालेल्या कामाचा हिशेब होतो. ड्राफ्टमध्ये होते ती नोकरभरती. उमेदवाराने शाळेत किती बक्षिसं मिळवली हे मालक ऐकून घेतो, पण त्याला पडलेला प्रश्न वेगळाच असतो: चार वर्षांनी, मोठ्या माणसांच्या गर्दीत, याच्या खेळातलं काय शिल्लक राहील?

तुम्ही क्रिकेटवाले, तर अमोल मुझुमदार आठवा. 1994 मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पणातच 260 धावा, पुढे प्रथमश्रेणीत 11 हजारांहून जास्त, आणि भारताकडून एकही कसोटी नाही. धावा खोट्या नव्हत्या हो. मधल्या फळीत जागाच नव्हती. एनबीएत जागांचा हिशेब याहून निर्दय आहे. संघ 30, प्रत्येकाकडे नियमित करार 15, म्हणजे जगभरातून मिळून 450 माणसं. त्यापलीकडे प्रत्येक संघात तीन जण अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खालच्या लीगमध्ये अशा करारावर. खाली मात्र एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागात साडेतीनशेहून अधिक कॉलेजं, आणि युरोपातली पोरं वेगळीच. दर वर्षी दोन फेऱ्यांत साधारण साठ नावं पुकारली जातात. त्यातल्याही कित्येकांचा पुढे पत्ता लागत नाही.

आता ब्रूमकडे येऊ. हंगामाच्या सन्मानांत ड्यूकच्या कूपर फ्लॅगशी त्याची शेवटपर्यंत चुरस होती. फ्लॅग पहिला गेला, ब्रूम पस्तिसावा. दोघांच्या आकड्यांत इतकं अंतर नव्हतंच, अंतर होतं वयात. फ्लॅगचा जन्म डिसेंबर 2006चा, म्हणजे हंगामाचा पहिला दीड महिना तो अठरासुद्धा पुरा नव्हता. ब्रूम त्याच्याहून चार वर्षांपेक्षा जास्त मोठा. बाविशीतल्या गड्याने एकोणीस वर्षांच्या पोरांना बास्केटखाली रेटलं तर स्काउट टाळी वाजवतो, पण वहीत काही लिहीत नाही. सतरा-अठराचा पोरगा बाविशीतल्यांना पुरून उरला की तो पेन काढतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला दोन वर्षं पक्के पैसे मिळतात, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. त्या चार वर्षांत कोण किती वाढेल याची ती बोली असते. हार्पर ड्राफ्टच्या वेळी एकोणीस वर्षांचा होता आणि बेली अठराचा. तुमच्या कोड्याची बरीचशी उकल इथेच होते.

यात नवीन भर पैशाची. 2021च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि 2025च्या जुलैपासून कॉलेजंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. त्यामुळे दुसऱ्या फेरीच्या काठावरचा गडी आता घाईने बाहेर पडत नाही, चार-पाच वर्षं कॉलेजातच राहतो. म्हणजे आज पहिल्या वर्षाचा पोरगा ज्यांच्याशी भिडतो ते पूर्वीपेक्षा थोराड आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या फ्रेशमनचे वीस गुण आणि आजच्या फ्रेशमनचे वीस गुण एका तराजूत घालू नका. हा मुद्दा मुलापुढे टाकून बघा, तो जरा थांबून विचार करील.

संघ हरला याचं काय? हरण्याला मी फार किंमत देत नाही, मात्र शून्यही देत नाही. बेन सिमन्सच्या एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) 2016 मध्ये मार्चच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही. मार्केल फुल्ट्झचं वॉशिंग्टन 2017 मध्ये 9 जिंकून 22 हरलं. अँथनी एडवर्ड्सचं जॉर्जिया 2020 मध्ये 16-16 वर अडकलं. तिघेही आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकाने गेले. त्यातला एडवर्ड्स आज लीगमधल्या मोठ्यांत मोजला जातो, सिमन्स काही वर्षं चमकून घसरला आणि फुल्ट्झचा किस्सा पुढे सांगतोच. उलट बाजूने डेव्हिन बुकर बघा. 2014-15चं केंटकी 38 सामने जिंकून एकच हरलं आणि त्या संघात बुकर बाकावरून उतरायचा, सामन्याला दहा गुण करायचा. ड्राफ्टमध्ये तेरावा गेला. संघाच्या विजयात कोणाचा वाटा किती हे गुणतक्त्यावरून कळत नाही, तसंच पराभवात कोणाचा दोष किती तेही.

तरी हरणाऱ्या संघातल्या पोराकडे पाहताना एक गोष्ट मी तपासतो. संघ पंधराने मागे पडल्यावर तो बचावात परत धावतो का, की चालत येतो? रटगर्सचे सामने तुम्ही मैदानात बसून पाहिलेत. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, ही गोष्ट दाखवत नाही. म्हणजे आकड्यांत नसलेली माहिती तुमच्या डोळ्यांत आहे. आठवून बघा, हार्पर आणि बेली यांच्यात काय फरक जाणवला होता?

नेम ओळखण्याची खूण तर फारच उपयोगाची आणि तीही तुमच्या शेजारच्या फिलाडेल्फियाच्या घरातली. फिलाडेल्फियाच्या एनबीए संघाने 2017 मध्ये फुल्ट्झला पहिला उचलला. कॉलेजात त्याची तीनच्या रेषेबाहेरची (जिथून बास्केट केलं की तीन गुण मिळतात) अचूकता 41 टक्के होती, सगळे खूश. पण फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा बिनविरोध नेम? 65 टक्के. पुढे त्याची नेमबाजी अशी बिघडली की बघवेना. खांद्याजवळच्या नसा दबल्याचं निदानही झालं, म्हणून सगळा दोष आकड्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना देता येत नाही. आता टायरीज मॅक्सी. केंटकीत तीनच्या रेषेबाहेर जेमतेम 29 टक्के, "याला नेम नाही" असा शिक्का. फ्री थ्रो मात्र 83 टक्के. 2020 मध्ये त्याच फिलाडेल्फियाला तो एकविसावा मिळाला आणि आज तो त्या संघाचा कणा आहे. कारण सरळ आहे. एका कॉलेज हंगामात तीनचे प्रयत्न शे-दीडशे होतात, त्यात दहा-बारा चेंडू इकडचे तिकडे झाले की टक्केवारी उलटते. फ्री थ्रोवर ना बचाव, ना घाई, फक्त हात आणि डोळा. शिवाय एनबीएची रेषा वरच्या बाजूला 23 फूट 9 इंचांवर आहे आणि कॉलेजची दीड फुटाहून जास्त आत. आतून पडणारा चेंडू तिथून पडेलच असं नाही, पण हात साफ असेल तर अंतर शिकता येतं. ड्यूकचा कॉन क्नूपेल 2025 मध्ये चौथा गेला तो उड्यांच्या जोरावर नव्हे. त्याचे फ्री थ्रो नव्वद टक्क्यांच्या वर होते.

खेळाचे नियमही दोन्हीकडे वेगळे आहेत आणि उंच सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या गड्याच्या, बाबतीत हा फरक जीवघेणा ठरतो. पर्ड्यूचा झॅक इडी, सात फूट चार इंच. 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. असं राल्फ सॅम्पसननंतर, म्हणजे ऐंशीच्या दशकानंतर, कोणी केलं नव्हतं. तरी 2024 मध्ये तो नववा गेला. कॉलेजात असा धिप्पाड माणूस बचावात बास्केटखाली ठाण मांडून उभा राहू शकतो. एनबीएत समोर कोणाला धरलेलं नसेल तर तीन सेकंदांत तिथून हलावं लागतं. वर प्रतिस्पर्ध्याचा सेंटरही बाहेरून नेम मारतो, म्हणजे त्याला धरायला पंचवीस फुटांवर यायचं. इडीला हे जमेल का, ही शंका होती. 2023 मध्ये तुमच्याच राज्यातल्या फेअरली डिकिन्सनने, देशातल्या सर्वांत बुटक्या संघाने, पर्ड्यूला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं तेव्हा ती आणखी वाढली. एनबीएच्या मेम्फिस संघाने धोका पत्करला आणि पहिल्याच वर्षी इडी नवोदितांच्या पहिल्या पाचांत निवडला गेला. बाकी सेंटरांचं नशीब असं नव्हतं. आयोवाचा लुका गार्झा 2021चा सर्वोत्तम, ड्राफ्टमध्ये 52वा. केंटकीचा ऑस्कर त्शिब्वे 2022चा सर्वोत्तम, आणि 2023च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलंच गेलं नाही. बास्केटखालच्या ताकदीचे गुण कॉलेजात भरभरून मिळतात, वर त्यांना गिऱ्हाईक कमी.

इथपर्यंत सगळं मुलाच्या बाजूचं झालं. आता तुमच्या बाजूचं.

2018चा ड्राफ्ट एकदा दोघांनी मिळून समोर घेऊन बसा. माझ्या मते याहून चांगला धडा नाही. एनबीएच्या सॅक्रामेंटो संघाचे मुख्य मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, म्हणून आपल्या लोकांना त्या संघाबद्दल जरा आपुलकी. त्यांच्या संघाची पाळी दुसरी होती. त्यांनी ड्यूकचा मार्विन बॅगली घेतला: उंच, चपळ, पहिल्याच वर्षी आपल्या परिषदेचा (कॉलेज संघांच्या गटाचा) सर्वोत्तम, कागदावर बोट ठेवायला जागा नाही. तिसऱ्या क्रमांकावर गेला लुका डॉन्चिच, जो एकोणिसाव्या वर्षी माद्रिदमध्ये मिशीवाल्या माणसांना हरवून युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू झाला होता. तो "पुरेसा चपळ नाही" म्हणत होते. अकराव्यावर शे गिल्जस-अलेक्झांडर, जो 2025 मध्ये एनबीएचा सर्वोत्तम ठरला; केंटकीत हंगामाच्या सुरुवातीला हाच पोरगा बाकावर बसत होता.

आणि तेहतिसाव्यावर जेलन ब्रन्सन. तुम्ही एडिसनला राहता, म्हणजे घरात न्यूयॉर्क निक्सची जर्सी असणारच. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ब्रन्सनच होता. विलानोव्हाकडून त्याची दोन विजेतेपदं झाली होती, 2016 आणि 2018. तरी त्याच्या स्वतःच्या संघातले तिघं त्याच्याआधी गेले: मिकल ब्रिजेस दहावा, डिव्हिन्चेन्झो सतरावा, स्पेलमन तिसावा. का? सव्वासहा फुटांच्या आतली उंची, तीन वर्षं कॉलेजात घालवलेली, उडी बेताची. प्रत्येक रकान्यात "वाढायला वाव नाही". 2023-24 मध्ये त्याच ब्रन्सनने निक्सकडून सामन्याला 28.7 गुण केले.

त्याचं काय चुकवलं सगळ्यांनी? पायांचं काम. ब्रन्सन चेंडू घेऊन आत शिरतो, थांबतो, एका पायावर गिरकी घेतो, समोरच्याला आधी उडायला लावतो आणि मग आरामात टाकतो. वेग नसेना का, वेग बदलण्याची अक्कल आहे. हे कॉलेजात दिसत होतं, पण मोजपट्टीवर येत नव्हतं. मे महिन्यात शिकागोला खेळाडूंची मोजमापं होतात, हातांचा पसारा, उडी, धाव. 2007 मध्ये अशाच चाचणीत केविन ड्युरंटला 185 पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता म्हणतात ते खरं आहे. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे संघांची मोठमोठी कचेरी, पगारी स्काउट, संगणक, हे सगळं असून ही गत. "स्कोअर बघू नका" म्हणणाऱ्या तुमच्या मुलाला विचारा, की ब्रन्सनच्या बाबतीत स्कोअर बघणारा माणूस बरोबर ठरला असता ना? जिंकण्याची सवय हा एक गुण आहे. तो किती टिकतो ते खेळाडू जिंकतो कशाने यावर ठरतं. उंचीने आणि वयाने जिंकणाऱ्याचं वर गेल्यावर अवघड, कारण तिथे सगळेच उंच आणि वयस्क. निर्णयाने जिंकणाऱ्याची शिदोरी बरोबर जाते. मला कोणी एकच खूण विचारली तर मी हीच सांगीन, आणि उडीपेक्षा तिच्यावर पैज लावीन.

पैज म्हटलं म्हणून एक सूचना मध्येच. तुमच्या राज्यात एकवीस वर्षांवरच्यांना खेळांवर सट्टा कायदेशीर आहे, मात्र न्यू जर्सीतल्या कॉलेज संघांवर लावता येत नाही. मुलाच्या मित्रांत कोणी मोठ्या भावाच्या खात्यावरून कॉलेज सामन्यांवर पैसे लावत असेल तर तिथे सौम्यपणा नको. विश्लेषणाची आवड आणि ते, यांच्यात भिंत हवी.

सामने कसे बघायचे? सगळं बघायला जाऊ नका. एक खेळाडू निवडा आणि पहिल्या सत्राची वीस मिनिटं फक्त त्याच्यावर डोळा ठेवा, विशेषतः चेंडू दुसऱ्याकडे असताना. तो प्रतिस्पर्ध्यातल्या कोणाला धरतोय? चांगल्याला की लपवलाय? डाव्या हाताला ढकलला की काय करतो? दोन जण अंगावर आल्यावर पास योग्य माणसाला जातो का? स्वतःच्या चुकीने चेंडू गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत काय करतो? क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकरकडे बघायची तुम्हाला सवय असेल तर हे जड जाणार नाही. आणि डिसेंबरातल्या दुबळ्या संघांविरुद्धचे तीस गुण बाजूला ठेवा. आपल्या परिषदेतले बाहेरगावचे सामने बघा.

2025-26च्या हंगामात तीन फ्रेशमनची नावं सगळीकडे घेतली गेली: बीवाययूचा (ब्रिगम यंग विद्यापीठाचा) एजे डिबांत्सा, कॅन्ससचा डॅरिन पीटरसन आणि ड्यूकचा कॅमेरून बूझर, ज्याचे वडील कार्लोस बूझरही ड्यूककडूनच खेळले. मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कितवा जाईल याचे अंदाज, वाचण्याआधी तिघांचा एकेक अख्खा सामना दोघांनी पाहायचा आणि वेगवेगळ्या कागदांवर क्रम लिहायचा, कारणासकट. कारण नसलेला क्रम बाद. तुमचं मत मुलापेक्षा वेगळं आलं तर उत्तम, मग जेवताना बोलायला विषयच विषय.

आता मुलाच्या वेडाबद्दल. मनावर घ्या, पण स्काउटची नोकरी म्हणून नका घेऊ, कारण तशा नोकऱ्या खेळाडूंच्या जागांइतक्याच कमी आहेत आणि सुरुवातीचा पगार ऐकून तुमची झोप उडेल. रस्ता मात्र आहे. मायामीचे प्रशिक्षक एरिक स्पोलस्ट्रा यांनी 1995 मध्ये त्याच संघाच्या व्हिडिओ खोलीत सामन्यांच्या फिती कापण्यापासून सुरुवात केली. फिलाडेल्फियात वर्षानुवर्षं कारभार पाहिलेले डॅरिल मोरी खेळाडू म्हणून आले नाहीत, संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन शिकून आले. तेव्हा पदवी संख्याशास्त्राची किंवा संगणकाची घेऊ द्या, जी कुठेही पोट भरील. ज्या कॉलेजात जाईल तिथल्या बास्केटबॉल संघात पहिल्याच सत्रात विद्यार्थी व्यवस्थापकाचं काम मागायला सांगा. टॉवेल उचलायचे, बाटल्या भरायच्या, सरावात चेंडू परत फेकायचे आणि रात्री व्हिडिओ कापायचे, असं ते काम असतं. हे चार महिने करूनही त्याला ते हवंसं वाटलं तर मग खरंच मनावर घ्या.

त्याआधीही एक करता येईल. त्याच्या हायस्कूलच्या प्रशिक्षकाला सामन्यांची आकडेवारी लिहिणारं कोणी हवं आहे का, हे त्याने सोमवारी स्वतः जाऊन विचारावं. तुम्ही बरोबर जाऊ नका.